कागदाचा पत्ता आणि कागदाची ओळख

वर्धा जिल्ह्यातील तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, ज्याला जुनी माणसे दप्तरखाना म्हणत, गावोगावचे कागद रंगीत रुमालांत बांधून ठेवण्याची रीत आहे : कायम जपावयाच्या ‘अ’ वर्गाला लाल, तीस वर्षे ठेवावयाच्या ‘ब’ वर्गाला हिरवा, त्याहून अल्पायुषी ‘क’ला पिवळा आणि वर्षभराच्या ‘ड’ला पांढरा. हे दप्तर संगणकात नेताना तालुका, गाव, वर्ग, मिसल (म्हणजे एका प्रकरणाचे कागद) ही कारकुनाच्या अंगवळणी पडलेली उतरंड फोल्डरांच्या रूपाने जशीच्या तशी त्याच्यापुढे उभी राहावी, असा माझा आग्रह आहे.

परंतु हा क्रम म्हणजे कागदाचा पत्ता. त्याची ओळख नव्हे. जुन्या मध्यप्रांतात या जिल्ह्याच्या वर्धा, आर्वी व हिंगणघाट अशा तीनच तहसिली होत्या; आज तालुके आठ आहेत. १९४२ च्या ऑगस्टात हुतात्म्यांच्या रक्ताने पावन झालेली आष्टी तेव्हा आर्वी तहसिलीत होती, आज ती स्वतंत्र तालुका आहे. पत्त्यालाच ओळख मानले, तर अशा प्रत्येक फेररचनेबरोबर निकालपत्रांतील व फेरफारांतील जुने संदर्भ निराधार होतील. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीत फाइलीचे नाव फाइलीत नसून निर्देशिकेत असते, आणि फाइल ओळखली जाते ती एका अंतर्गत क्रमांकाने. म्हणून एकच फाइल दोन नावांखाली सुखाने नांदते. आष्टीची मिसलही तशीच आर्वीच्या जुन्या वाटेने आणि आष्टीच्या नव्या वाटेने सापडली पाहिजे.

मात्र साध्या फाइलीवर नवा मजकूर लिहिला, की जुना नाहीसा होतो. सात-बाऱ्यावर तसे होत नाही. जुन्या नावाला कंस पडतो आणि नव्या नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. जावा भाषेसाठी २००५ साली मान्य झालेल्या जेएसआर-१७० या आशय-भांडाराच्या मानकात पथ, स्थिर ओळख आणि पूर्वीच्या आवृत्त्या या तिन्हींची सोय आहे, ती याचसाठी मोलाची.

एका बाबतीत मात्र युनिक्सचे अनुकरण नको. तेथे शेवटचे नाव पुसले गेले, की कालांतराने फाइलही जाते. लाल रुमालातील कागदाचे शेवटचे नाव कोणाच्या हातून पुसले गेले, तरी कागद भांडारात अबाधित राहावा आणि त्याच दिवशी अभिलेखपालापुढे ‘पत्ता नसलेले’ म्हणून यावा.