शेर्पांचे ‘बडा साहेब’

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे एडमंड हिलरी सर्वांना ठाऊक आहेत. शिखर सर करून माघारी गेलेले गिर्यारोहक पुष्कळ झाले. न्यूझीलंडचे, मधुमक्षिकापालनाचा व्यवसाय असलेले हे गृहस्थ मात्र नेपाळच्या खुंबू प्रदेशातील शेर्पांकडे आयुष्यभर येत राहिले. गावाला काय हवे, हे त्यांनी परस्पर ठरविले नाही, शेर्पांनाच विचारले. त्यांनी शाळा मागितली. १९६१ मध्ये खुमजुंगला ती उभी राहिली, १९६६ मध्ये कुंडे येथे रुग्णालय झाले. साहित्य पोहोचावे म्हणून १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी बांधली गेली. तिच्यावरून पुढे पर्यटकांची रीघ लागली आणि सरपणासाठी जंगल तुटू लागले. मग रोपवाटिका व वृक्षारोपण हेही त्याच सेवेचे अंग झाले. सत्कार्याचेही दुष्परिणाम निस्तरावे लागतात. त्यासाठी थांबणारे थोडे!

३१ मार्च १९७५ रोजी हिलरी फाफलू येथे नव्या रुग्णालयाच्या बांधकामावर होते. त्यांच्याकडे निघालेल्या पत्नी लुईस व धाकटी कन्या बेलिंडा यांचे विमान काठमांडूहून उडताच कोसळले. दोघीही गेल्या. त्यानंतर हिलरींनी या डोंगरांकडे पाठ फिरविली असती, तर कोणी दोष दिला नसता. फाफलूचे रुग्णालय मात्र पूर्ण झाले आणि हिलरींचे येणेही चालूच राहिले. २००३ मध्ये नेपाळने त्यांना मानद नागरिकत्व दिले. ११ जानेवारी २००८ रोजी ऑकलंड येथे त्यांचे निधन झाले. खुमजुंगची शाळा आजही भरते.