मोडक्या बॅटींची खरेदी

डिसेंबरात जळोचीच्या शिवारात उसाची तोड भरात असते, तेव्हा जपानमध्ये बेसबॉलचा हंगाम आटोपलेला असतो. अशा वेळी तिथे गेलात तर सामना नाही. पण टोकियो डोममधले, १९५९ साली सुरू झालेले बेसबॉल संग्रहालय पाहता येते.

आणि आठवण म्हणून काय आणावे? सहीचे चेंडू महाग. शिवाय सही खरी की खोटी, हे आपल्यासारख्या परक्याला कसे कळावे? त्यापेक्षा ‘काट्टोबाशी’ घ्या. मोडलेल्या बॅटींपासून केलेल्या जेवणाच्या काड्या या. बॅटीचे पारंपरिक लाकूड आओदामो झाडाचे; बॅटजोगे खोड व्हायला सत्तरेक वर्षे लागतात. विक्रीचा काही भाग त्याच झाडाच्या लागवडीला जातो. आपल्याकडे मोडकी बॅट धुणे बडवायला जाते, तेही वाईट नाही म्हणा. भाकरी-पिठल्याला मात्र या काड्या निरुपयोगी!