थकलेला हात आणि कराराचा कागद



ज्याच्या खांद्यावर संघ दहा-बारा वर्षं उभा राहिला, त्याचाच खांदा आता साथ देईना. त्याच्याशी पुन्हा करार करायचा का? नाही म्हटलं तर ‘गरज सरो, वैद्य मरो’ असं होतं. हो म्हटलं, तर जुन्या पुण्याईवर पुढच्या मोसमातले सामने जिंकता येत नाहीत. अमेरिकेतल्या बेसबॉल संघांपुढे हा पेच दर हिवाळ्यात उभा राहतो. मी तो आज एकाच माणसाच्या आधाराने मांडणार आहे: लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर क्लेटन कर्शॉ.

पिचर म्हणजे आपला गोलंदाज नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. त्याला लांबून धावत यायची सोय नाही. साडेअठरा मीटरांवर उभं राहून सगळा वेग पाय, कंबर, खांदा आणि कोपर यांतूनच काढायचा. सामना सुरू करणारा पिचर एका दिवशी नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस हात राखतो. एवढं जपूनही हात झिजतोच.

कर्शॉची फेक एकदा पाहिली की विसरत नाही. दोन्ही हात डोक्यावर सरळ जातात, उजवा पाय उचलला जातो, खाली येतो, आणि तिथे क्षणभर सगळं थबकतं. मग चेंडू सुटतो. त्याचा कर्व्हबॉल डोळ्यांच्या उंचीवरून येऊन गुडघ्यापाशी कोसळायचा. बॅटर नुसते बघत राहायचे. २०११, २०१३ आणि २०१४ असा तीनदा त्याला लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. २०१४ साली दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या नावावर पडलेल्या धावांची सरासरी होती १.७७. त्याच वर्षाच्या जानेवारीत डॉजर्सनी त्याच्याशी सात वर्षांचा, साडेएकवीस कोटी डॉलरचा करार केला होता.

मग शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. आधी पाठ, मग हात, २०२३च्या नोव्हेंबरात खांद्याची शस्त्रक्रिया. एके काळी ताशी ९४ मैलांच्या आसपास असलेला वेग ८९ पर्यंत उतरला. २०२३च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, अ‍ॅरिझोनाविरुद्ध त्याने एकच बॅटर बाद केला आणि सहा धावा देऊन तो मैदानाबाहेर आला. २०२४मध्ये जेमतेम सात सामने.

डॉजर्सनी त्याला सोडलं नाही. पण २०२२पासून त्यांनी लांबलचक करारही केला नाही. दर हिवाळ्यात नव्याने बसायचं, हाताची तब्येत बघायची, तेवढ्यापुरता कागद करायचा. २०२५साठी ठरलेली रक्कम होती ७५ लाख डॉलर. वरची कमाई तो किती सामने सुरू करतो आणि किती दिवस संघात राहतो यावर. मला यात व्यवहारही दिसतो आणि मानही दिसतो. त्याच्या हातून काय होईल, याबद्दल दोघांपैकी कुणीही स्वतःची फसवणूक केली नव्हती.

याच्या उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या टिम लिन्सकमचं. हडकुळा पोरगा, २००८ आणि २००९ असे लागोपाठ दोन साय यंग. २०१२ आणि २०१३ हे दोन्ही मोसम वाईट गेले, तरी जायंट्सनी त्याला दोन वर्षांचे साडेतीन कोटी डॉलर दिले. पुढच्या वर्षी त्याची सरासरी ४.७४ होती. प्रेक्षकांचं त्याच्यावर जिवापाड प्रेम होतं आणि ते योग्यच होतं. पण प्रेमापोटी करार लांबवला की पडत्या काळातल्या प्रत्येक चेंडूवर त्या रकमेचं ओझं बसतं.

माझं मत स्पष्ट आहे. उतरणीला लागलेल्या पिचरला परत घ्यावं. मात्र एका वर्षासाठी, आणि त्याच्या हातून चेंडू काढून घेण्याचा अधिकार व्यवस्थापकाकडे ठेवून. २०२२च्या एप्रिलमध्ये मिनेसोटात कर्शॉने सात इनिंगमध्ये एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं; ८० चेंडूंनंतर त्याला थांबवलं. लोक संतापले. थांबवलं ते बरोबर होतं.

२०२५मध्ये त्याने ११ सामने जिंकले, २ हरले, जुलैत तीन हजारावा स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) घेतला आणि सप्टेंबरात निवृत्ती जाहीर केली. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध दोन इनिंगमध्ये पाच धावा गेल्या. तरी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम फेरीच्या, तिसऱ्या सामन्यात, बाराव्या इनिंगला, तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू त्याच्याच हाती दिला गेला. एकच बॅटर. तीन बॉल, दोन स्ट्राइक. मग सेकंड बेसकडे गेलेला हळू चेंडू, आणि बाद. तो सामना डॉजर्सनी अठराव्या इनिंगला जिंकला.

१ नोव्हेंबरला टोरोंटोत सातवा सामना जिंकून डॉजर्स विजेते झाले. शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा कर्शॉ बुलपेनमध्ये, पिचरांच्या सरावाच्या जागी, हात मोकळा करत होता.