अतिशयोक्ति आणि बालसंरक्षणाचा कायदा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



आनंदाच्या या प्रसंगीं मी अप्रिय विषय काढीत आहे, याबद्दल क्षमा असावी. परंतु ज्यांचीं मुलें शाळेंत व धर्मशिक्षणाच्या वर्गांत जातात, त्यांना हा विषय परका नाहीं.

१९ जानेवारी २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें एक निकाल दिला. त्वचेचा त्वचेशीं स्पर्श झाला नसल्यामुळें पोक्सो कायद्याचें ८ वें कलम आरोपीस लागत नाहीं, असा त्याचा आशय होता. हा अर्थ चुकीचा होता. पण बाजारांत काय सांगितलें गेलें? ‘आरोपी निर्दोष सुटला, वस्त्रावरून केलेला स्पर्श आतां गुन्हाच नाहीं!’ वस्तुतः दंडसंहितेच्या ३५४ व्या कलमाखालीं त्यास एक वर्षाची शिक्षा होतीच. पोक्सोखालीं ती किमान तीन वर्षांची असते. अन्याय एवढा होता, आणि तो पुरेसा गंभीर होता.

२७ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिति दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजीं तो रद्द केला. महत्त्व लैंगिक हेतूस आहे, त्वचेस नव्हे, असें सांगून तीन वर्षांची शिक्षा कायम केली. पहिली आरोळी घरोघर गेली. दुरुस्ती थोड्यांच्याच कानीं पडली. जिनें केवळ आरोळी ऐकली, ती माता तक्रार करावयास कशाला जाईल?

दुसरी अतिशयोक्ति उलट दिशेची आहे: ‘मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला तरी तुरुंग!’ तेंही खरें नाहीं. ७ वें कलम लैंगिक हेतु असल्याखेरीज लागत नाहीं. अशा भयानें सज्जन शिक्षक मुलांपासून दूर राहतो, आणि मुलाला मन मोकळें करण्यास कोणी उरत नाहीं.

अफवेचें टोंकही आपण पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे समजून जमावानें पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारलें.

म्हणून कायदा आहे तसाच सांगूं या. गुन्हा घडल्याचें कळल्यास, किंवा घडण्याची भीति वाटल्यास, १९ व्या कलमाप्रमाणें पोलिसांना कळविणें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. सद्भावनेनें कळविणाऱ्यास संरक्षण आहे, गुन्हा दडविणाऱ्यास शिक्षा आहे. संकटांतील मुलासाठीं १०९८ हा दूरध्वनिक्रमांक आहे. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. ऐकीव गोष्टींत भर घालतांना तिचें स्मरण असावें.