कुरळ्या केसांतला गंधक



सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात पुष्कळदा एकाच फळीवर दोन खोकी दिसतात. एकात नको असलेले केस काढायचं क्रीम असतं, दुसऱ्यात कुरळे केस सरळ करायचं. खोक्यामागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचलीत, तर बहुतेक वेळा दोन्हींत एकाच कुळातलं रसायन सापडेल: थायोग्लायकोलेट. एकात ते केसाचा लगदा करतं, दुसऱ्यात केसाचं वळण काढतं. हे घडतं ते मुख्यतः दोन गोष्टींमुळे: मिश्रण किती अल्कधर्मी आहे आणि ते केसावर किती मिनिटं राहिलं. घरात आरशासमोर उभी राहून केस सरळ करणारी मुलगी या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत काम करत असते. ती जागा किती चिंचोळी आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्यात सिस्टीन भरपूर, आणि सिस्टीनमध्ये गंधक. केस जळल्यावर जो वास येतो तो याच गंधकाचा. शेजारशेजारच्या प्रथिनसाखळ्यांना गंधकाचे अणू जोडीजोडीने बांधून ठेवतात, त्याला डायसल्फाइड बंध म्हणतात. हे बंध पक्के. त्यांच्याखेरीज हायड्रोजन बंध नावाचे कच्चे बंधही असतात, आणि ते नुसत्या पाण्याने सुटतात. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की घडी बसते आणि साडी पुन्हा भिजली की घडी जाते, तसंच केसांचं. म्हणून इस्त्रीने सरळ केलेले केस पहिल्या पावसात, नुसत्या दमट हवेनेही, पुन्हा वळतात. कायमचं सरळ करायचं तर गंधकाचे बंधच तोडावे लागतात.

ते कसे तोडायचे हे एखाद्या पार्लरने शोधलं नाही. १९३४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डेव्हिड गॉडर्ड आणि लिओनोर मायकेलिस हे केराटिनवर काम करत होते. आपल्यापैकी ज्यांनी बी. एस्सी.ला विकरांचं मायकेलिस-मेन्टेन समीकरण घोकलं असेल, त्यांचेच हे मायकेलिस. सहसा कशालाही दाद न देणारी लोकर अल्कधर्मी थायोग्लायकोलेटमध्ये विरघळते, असं त्यांना दिसलं. सौंदर्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्याच रसायनाचा जोर कमी करून सरळ केस कुरळे करायची ‘कोल्ड वेव्ह’ आली. कुरळ्यांना सरळ करायचं आणि सरळांना कुरळे करायचं, औषध एकच. केस त्या वेळी गुंडाळीवर आहे की कंगव्याखाली, यावर निकाल ठरतो. माणसाला आपल्या डोक्यावर जे नाही तेच हवं असतं, याची रसायनशास्त्राने केलेली ही छान सोय आहे.

आता आकडे पाहू. केस सरळ करायच्या थायो क्रीमचा सामू साधारण नऊ ते साडेनऊ असतो. केस काढायच्या क्रीमचा बाराच्या आसपास. सामूची पट्टी दहापटींची, म्हणजे नऊ आणि बारा यांत अल्कधर्मीपणाचा फरक हजारपट. मग घाबरायचं कारण काय, असं वाटेल. कारण दुसरा घटक वेळ आहे, आणि घरी हातातून निसटतो तो वेळच.

आपल्याकडे ज्याला रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंग म्हणतात त्याची रीत अशी: पहिलं क्रीम लावायचं, बंध मोकळे झाले की धुवायचं, वाळवायचं, इस्त्री फिरवायची, आणि मग दुसरं क्रीम. या दुसऱ्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते सुटलेल्या गंधकांच्या नव्या जागी नव्या जोड्या लावतं. पार्लरमध्ये दोघी जणी मिळून पहिलं क्रीम भराभर लावतात. घरी एकटीने कमरेपर्यंतचे दाट केस विभागून लावायचे तर शेवटच्या बटेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या बटेची वेळ उलटून गेलेली असते. डोक्याचा मागचा भाग दिसत नाही, तिथे अंदाजाने हात फिरतो. सूचनापत्रावर मिनिटांचा एकच आकडा छापलेला असतो, पण केस काही एका जातीचे नसतात. रंग लावलेला किंवा आधी सरळ केलेला केस लवकर खचतो. जाड, कोरा, अस्सल कुरळा केस दाद देत नाही, म्हणून ‘आणखी दहा मिनिटं’ ठेवला जातो. जास्त झालं हे ओळखायची खूण अशी की ओला केस ताणला तर रबरासारखा लांबतो आणि परत येत नाही. पण ही खूण दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. केसाचा बाहेर आलेला भाग निर्जीव असतो. त्याची जखम भरून येत नाही. ‘दुरुस्ती’ असं लिहिलेल्या बाटल्या वरून फक्त लेप देतात.

केस रसायनाने सरळ करायची ही गोष्ट पार्लरच्याही आधी घरातच सुरू झाली, आणि तिचा खरा इतिहास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आहे. गॅरेट मॉर्गन हे क्लीव्हलंड शहरात शिवणयंत्रं दुरुस्त करत. वेगाने चालणाऱ्या सुईने कापड करपू नये म्हणून ते एक द्रव करून पाहत होते. सांगतात ते असं की हात पुसलेल्या कापडाची लव सरळ झालेली त्यांना दिसली, मग त्यांनी शेजाऱ्याच्या कुरळ्या केसांच्या कुत्र्यावर प्रयोग केला, आणि नंतर स्वतःवर. १९१३ मध्ये त्यांनी केस सरळ करायच्या क्रीमची कंपनी काढली. याच मॉर्गननी धुरापासून वाचवणारं शिरस्त्राण केलं, आणि १९१६ मध्ये इरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला तेव्हा ते घालून आत उतरून माणसं बाहेर काढली. वाहतूक नियंत्रणाच्या सिग्नलचं पेटंटही १९२३ मध्ये त्यांनी मिळवलं.

पुढे घरोघरी जे चाललं ते मॉर्गनच्या क्रीमहून रांगडं होतं. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याचं वर्णन आहे. बोस्टनमध्ये एका मित्राने त्यांचे केस पहिल्यांदा सरळ करून दिले. साहित्य वाण्याच्या दुकानातलंच: कॉस्टिक सोड्याचा डबा, अंडी, बटाटे. डोक्याला आणि मानेला व्हॅसलीनचा थर. मिश्रण इतकं तापलेलं की बरणी हाताला चटका देते. डोक्यावर आग लागल्यासारखं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि शेवटी आरशात सरळ केस. त्या वेळी झालेला आनंद त्यांनी लपवलेला नाही, आणि नंतर त्या आनंदाची स्वतःला वाटलेली लाजही नाही. केसांवर मी जे काही वाचलं आहे त्यात ती पानं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतात.

कॉस्टिक सोडा म्हणजे तुंबलेली मोरी साफ करायच्या पावडरीतला. तो गंधकाची जोडी नुसती सोडवत नाही, तिच्यातला एक गंधक काढूनच टाकतो. तिथे जो नवा बंध होतो तो उलट फिरवता येत नाही. अमेरिकेतल्या घरगुती डब्यांवर पुढे ‘नो लाय’, म्हणजे कॉस्टिक सोडा नसलेलं, असं लिहिलेलं येऊ लागलं. त्यात असतं काय? कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला पानाचा चुना, आणि सोबतच्या बाटलीत ग्वानिडीन कार्बोनेट. दोन्ही ऐन वेळी एकत्र करायचे. डोक्याला थोडं कमी झोंबतं, पण सामू मात्र कॉस्टिक क्रीमच्याच पंक्तीतला. विड्यात चुना जास्त झाला की जिभेचं काय होतं हे इथे निम्म्या सभागृहाला ठाऊक आहे. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: या जातीच्या क्रीमने सरळ केलेल्या केसांवर थायोचं क्रीम, किंवा थायोवर हे, कधीही लावू नये. केस हातात येतात.

इतका ताप करून घ्यायचाच कशाला, असं विचारणारे बहुधा सरळ केसांचे असतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात केसांत पेन्सिल खोचून ती पडते की अडकते यावरून माणसाचा वर्ण ठरवला जाई. नैसर्गिक केस ठेवल्याबद्दल नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये, यासाठी कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा करावा लागला. आपल्याकडे कायद्यापर्यंत गोष्ट गेली नाही, पण ‘काय ते घरटं, जरा तेल चोपड’ हे ऐकत वाढलेल्या मुली या सभेतही असतील. लगीनसराईत मुलगी खोकं मागवते ते एकट्या जाहिरातीमुळे नव्हे.

आता ‘केराटिन ट्रीटमेंट’. नाव औषधासारखं, आणि काम त्यातलं केराटिन करत नाही. पुष्कळ उत्पादनांत ते फॉर्मल्डिहाइड करत असे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्यात ठेवतात त्या फॉर्मॅलिनमधला हाच वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात तपासणी झाली तेव्हा ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ लिहिलेल्या बाटल्यांतही ते भरपूर निघालं. इस्त्रीच्या उष्णतेने ते हवेत येतं. पार्लरला निदान दार आणि पंखा असतो. घरी हा उद्योग दार लावून न्हाणीघरात चालतो.

त्यावर उतारा म्हणून ग्लायॉक्झिलिक आम्ल आलं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या स्त्रीची हकिगत छापून आली. तीन वेळा केस सरळ करून घेतले, तिन्ही वेळा उलट्या, ताप, पाठदुखी आणि मूत्रपिंडांना इजा. उंदरांवर ते क्रीम लावून पाहिल्यावर मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. अळू नीट शिजलं नाही तर घशाला खाजवतं ते ज्या स्फटिकांमुळे, तेच हे. लावायचं डोक्याला आणि दुखायचं पाठीत, हा संबंध घरात कोणाच्या ध्यानात येणार?

अमेरिकेतल्या तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांना जवळपास अकरा वर्षं न्याहाळून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची उत्पादनं वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. कोणत्या बाटलीत काय होतं याची नोंदही त्यांच्याकडे नव्हती. एका लग्नापुरतं करणारीने यावरून झोप उडवून घेऊ नये. वर्षातून अनेकदा करणारीने मात्र विचार करावा.

भेंडीचा रस, जवसाचं जेल, तांदळाची पेज, केळं, दूध या घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. गंधकाचा एकही बंध यांनी तुटत नाही. केस थोडे जड आणि मऊ होतात, धुतले की पूर्ववत. नुकसानही नाही, म्हणून खुशाल लावा. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र क्रीमने भाजलेल्या जागी ‘उतारा’ म्हणून लावू नका. तिथे फक्त वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारत दवाखाना गाठायचा.

आणि तरी करायचंच असेल, तर एकटीने करू नका आणि आधी एका लपलेल्या बटेवर करून पाहा. क्रीम टाळूपासून बोटभर दूर ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळातला आकार बदललेला नसल्यामुळे कुरळाच उगवतो. दुसऱ्या खेपेला तेवढ्याच नव्या वाढीला लावायचं असतं. जुन्या भागावर पुन्हा गेलं की जोडावरच केस तुटतात. घरी एकटीला हे जमत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. ‘आईने काळी मेंदी लावली आहे. तिला चालेल का?’

चांगला प्रश्न. काही काळ्या रंगांत धातूंचे क्षार असतात, आणि पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतात. आईच्या कंगव्यात निघालेले केस जमवा. काचेच्या वाटीत सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, औषधांच्या दुकानात मिळतं. त्यात अमोनियाचे वीसेक थेंब घाला, केस बुडवून अर्धा तास ठेवा. खिडकी उघडी ठेवा, वाटीवर वाकू नका. केस हळूहळू थोडे फिकट झाले तर बहुधा धातू नाही. वाटी गरम लागली, फसफसलं किंवा केस विरले, तर तो रंग कापून जाईपर्यंत आईच्या डोक्याला दुसरं काहीही लावू नका.