फेसबुकच्या भिंतीवर ग्रंथालयाची शिस्त



शताब्दीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत फेसबुकसारखा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. मला तो तसा वाटत नाही. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या नजरेखालून रोज चार ओळी मराठी जावी, यासाठी काही सोय करावी लागते. शंभर वर्षे ती सोय या वास्तूने केली. आज आपल्यापैकी अनेकजण, आणि परगावी स्थिरावलेली आपली मुलेही, ती फोनमध्ये शोधतात. फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेले हे संकेतस्थळ सप्टेंबर २००६ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुले झाले. ते वापरावे की नाही, हा वाद आता निरर्थक आहे. कसे वापरावे, एवढाच प्रश्न उरतो. माझे उत्तर साधे आहे. ग्रंथालयाने आपल्या अंगी जी शिस्त बाणवली, तीच तेथे पाळावी.

या शिस्तीचा पहिला नियम नोंदीचा. लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती यांची नोंद झाल्याखेरीज आपल्याकडे पुस्तक कपाटात जात नाही. फेसबुकवर मात्र कोणाचाही सुविचार कुसुमाग्रज, पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर सर्रास खपवला जातो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये, पु. ल. २००० मध्ये आणि वपु २००१ मध्ये निवर्तले. म्हणजे फेसबुक जन्मण्यापूर्वीच या तिघांची लेखणी थांबली होती. त्यांचे म्हणून जे फिरते, त्याचा माग एखाद्या पुस्तकात, नियतकालिकात वा भाषणात लागलाच पाहिजे. पुस्तकाचे नाव दिलेले नसेल, तर मजकूर पुढे पाठवू नये. ‘हे कोणत्या पुस्तकात आहे?’ असे नम्रपणे विचारावे.

याला मी एवढे महत्त्व देतो, त्यास कारण आहे. आपल्या नातवंडांपैकी अनेकांचे शिक्षण हिंदी वा इंग्रजी माध्यमातून होते. त्यांची आणि पु. लं.ची पहिली भेट पाठ्यपुस्तकात होत नाही, ती अशा एखाद्या उताऱ्यात होते. त्यांच्या मनात बेगडी पु. ल. रुजले, तर खरे पु. ल. वाचावेत असे त्यांना का वाटावे?

मजकूर अस्सल असला, तरी सबंध कविता उतरवून देण्याआधी थांबावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९०५ मध्ये दिवंगत झालेल्या केशवसुतांची कविता खुशाल द्यावी. कुसुमाग्रजांची आवडली, तर दोन शब्द स्वतःचे लिहावेत आणि संग्रहाचे नाव सांगून वाचकाला पुस्तकाकडे पाठवावे. लिहिताना देवनागरीच वापरावी. रोमन लिपीत लिहिलेली मराठी वाचताना डोळ्यांना शिणवते आणि पुढे शोधू गेल्यास नीट सापडतही नाही.

दुसरा नियम, वस्तू कोणाच्या हाती द्यावी याचा. दुर्मिळ ग्रंथ आपण ज्याला त्याला देत नाही. फेसबुकवरही प्रत्येक मजकुरापाशी तो सर्वांना दिसावा, केवळ मित्रांना दिसावा की फक्त स्वतःला, हे ठरवता येते. घराला कुलूप लावून यात्रेला निघाल्याची वार्ता, नातवाच्या शाळेचे नाव दिसणारे छायाचित्र, संपूर्ण जन्मतारीख या गोष्टी सर्वांसाठी मांडण्याचे प्रयोजन नाही. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर दिली, तरी त्यांची गोडी कमी होत नाही.

तिसरा नियम ओळख पटवण्याचा. परिचिताचे नाव आणि छायाचित्र चोरून दुसरे खाते उघडायचे आणि ‘तातडीने पैसे हवेत’ असा निरोप धाडायचा, ही फसवणूक आता नित्याची झाली आहे. असा निरोप आला, तर त्या व्यक्तीच्या आपल्याजवळ असलेल्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून तिचा आवाज ऐकावा. तोवर एक पैसाही देऊ नये. पैसे गेलेच, तर संकोच न करता विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

चौथा नियम वाचनकक्षातील शांततेचा. फेसबुकवर मजकूर केवळ तारखेच्या क्रमाने समोर येत नाही. ज्यावर प्रतिक्रिया अधिक, तो अधिक लोकांपुढे जाण्याची शक्यताही अधिक. त्यामुळे द्वेषपूर्ण मजकुराला त्वेषाने दिलेले उत्तर त्याच मजकुराचा प्रसार करते. मतभेद असह्य झाले, तरी चाळीस वर्षांचा स्नेह तोडण्याची गरज नाही. मैत्री कायम ठेवून त्या व्यक्तीचे लेखन दिसणे बंद करता येते, केवळ तीस दिवसांसाठीही करता येते. आपला समाज येथे मोजका आहे. गणेशोत्सवात आणि दुःखाच्या प्रसंगी आपण एकमेकांच्याच दारी जाणार, याचे भान उत्तर लिहिताना असावे.

शेवटी एक सूचना. या शताब्दी वर्षात ग्रंथालयाने एक नोंदवही ठेवावी. थोर लेखकांच्या नावावर फिरणारा संशयास्पद मजकूर सभासदांनी तीत नोंदवावा, आणि जाणत्यांनी कपाटातील ग्रंथ धुंडाळून पुस्तकाचे नाव, आवृत्ती व पृष्ठांक लिहावा; न सापडल्यास ‘आढळले नाही’ असे प्रांजळपणे नमूद करावे. तो निष्कर्ष मग फेसबुकवरच प्रसिद्ध करावा. त्या निमित्ताने कपाटे उघडतील, नवी पिढी ग्रंथांपाशी येईल, आणि फेसबुकच्या भिंतीवरून एक वाट या दारापर्यंत पोहोचेल.