बुरशीचा हिशेब पेरणीच्या आधी



जिल्ह्याच्या बैठकीत आपण नेहमी भावाचं बोलतो. आज बुरशीचं बोलायचं आहे, आणि तेही भावाचंच बोलणं आहे. उत्पादन खर्च भरून निघत नाही, ही आपली तक्रार खरी आहे. मग त्या खर्चातला कोणता पैसा वाया जातो, हेही आपणच तपासलं पाहिजे. कोरडवाहू शेतात बुरशीला अडवायचं ते मुख्यतः पेरणीच्या आधी आणि काढणीच्या वेळी. मधल्या काळात दुकानाच्या पायऱ्या चढून आपण बहुतेक वेळा पैसेच घालवतो.

पहिली गोष्ट ज्वारीच्या दाणे काणीची. कणीस निसवलं, दाण्याच्या जागी काळ्या भुकटीच्या पुड्या दिसल्या, की आपण औषध शोधायला निघतो. त्या वेळी औषध नाही. मागच्या हंगामात मळणी करताना त्या पुड्या फुटल्या, भुकटी चांगल्या दाण्याला चिकटली आणि तोच दाणा आपण बी म्हणून ठेवला. बी उगवलं तशी बुरशीही उगवली, कोंबात शिरली आणि झाडाबरोबर गुपचूप वाढत राहिली.

उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. ३०० मेश गंधकाची भुकटी, किलो बियाण्याला ४ ग्रॅम. एकराला ४ किलो बी धरलं तर १६ ग्रॅम गंधक झालं. झाकणाच्या डब्यात बी आणि गंधक घालून चांगलं हलवा, सगळ्या दाण्यांना सारखं लागलं की पेरा. उरलेलं बी खाण्यात येऊ देऊ नका. विकतच्या बियाण्याला औषध लावलेलं असेल तर पिशवीवर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा. झिपरी काणी मात्र जमिनीतून येते, तिथं गंधकाचा उपयोग नाही. असं कणीस दिसताच कापडी पिशवीत झाकून कापा आणि जाळून टाका.

दुसरी गोष्ट काळ्या ज्वारीची. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. उतारा वाढला, पण ही ज्वारी लवकर तयार होते. परतीचा पाऊस आणि भरलेलं कणीस यांची गाठ पडते आणि दाण्यावर बुरशी चढते. आधीच्या उंच, उशिरा येणाऱ्या जाती पाऊस सरल्यावर पिकत, म्हणून त्या बऱ्याच वाचत. आपल्या भागात पाऊस कधी उघडतो हे पाहून जात निवडा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला असं समजा. पुढे ज्वारी शेतात उभी ठेवून वजन वाढत नाही, फक्त धोका वाढतो. कणसं कापा आणि पातळ पसरून वाळवा. ओल्या कणसांचा ढीग घालू नका.

आता मायबहिणींसाठी एक गोष्ट. आपल्याकडे पांढरी ज्वारी बाजारात जाते आणि काळी घरात राहते. १९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही खेड्यांत पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसांना पोटदुखी आणि जुलाब झाले. बुरशीचं विष दळल्यानं किंवा भाकरी भाजल्यानं जात नाही. ज्याला व्यापारी हात लावत नाही, ते लेकरांच्या ताटात का? काळी कणसं मळणीच्या आधीच वेगळी काढा.

तिसरी गोष्ट कपाशीची. लांब उघडीप पडते, मग जोराचा पाऊस येतो आणि दोन दिवसांत हिरवीगार झाडं माना टाकतात. आपण मर आली म्हणून बुरशीनाशक आणतो. आमच्यापैकी कित्येकांनी असे पैसे घातले आहेत. आधी झाड उपटून बघा. सहज उपटलं आणि मुळाची साल सुटत असेल, तर ती मूळकूज. खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर ती बुरशीची मर. हा मुख्यतः देशी कपाशीचा रोग. मूळ घट्ट आणि खोड आतून स्वच्छ असेल, तर ती आकस्मिक मर. तिच्यात बुरशी नाही. साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि १०० ग्रॅम पोटॅश मिसळून एक-दोन दिवसांच्या आत झाडाच्या बुडाशी ओता.

रोग न ओळखता चार औषधं एकत्र कालवून मारण्याची सवय सोडा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून हा प्रश्न नुसता खर्चाचा राहिलेला नाही.

कोणी म्हणेल, एवढं केलं तरी भाव मिळणार का? गंधकानं भाव मिळत नाही. भावासाठी लढावंच लागेल, आणि ते आपण लढू. पण खरेदी केंद्रावर काळा दाणा दाखवून माल परत पाठवण्याची सबब आपण त्यांच्या हाती का द्यावी? स्वच्छ माल घेऊन काट्यावर उभं राहू आणि मग भाव मागू.

येत्या पेरणीआधी गावोगाव एक दिवस ठरवा. बियाणं घेऊन या, गंधक आणा आणि सगळ्यांनी मिळून बी चोळा. एका शेतातली काणी शेजारच्या खळ्यावर जाते. म्हणून हे काम एकट्याचं नाही, गावाचं आहे.